नऊ नंबरची बस

फोन अडीचला यायचा. सव्वातीन झाले तरी आला नव्हता.

लक्ष्मणराव फोनसमोर खुर्ची टाकून बसले होते. समुद्रपूर–गिरडच्या एस.टी.त अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. गाडी लेट झाली की "येईल हो, बसा जरा" म्हणून अख्ख्या स्टँडला गप्प करणारा. आज स्वतःच दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होता. मागच्या अंगणात कोकिळाबाई लेकीची रजई उन्हात उलटीपालटी करत होत्या. पोरगी येणार म्हणून मुगाच्या वड्याही घालून झाल्या होत्या.

भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक इंग्रजी वेळापत्रक टाचलेलं होतं. एकूण नऊ बसमार्ग. त्यांतल्या आठांवर लाल पेन्सिलीची रेघ होती. नववा कोरा होता.

काजल सप्टेंबरात स्कॉटलंडला गेली. कापडाचं शास्त्र शिकायला, स्कॉलरशिपवर. तालुक्याच्या पेपरात फोटो आला, लक्ष्मणरावांनी स्टँडवर पेढे वाटले. तिसऱ्याच रविवारी ती फोनवर हमसून हमसून रडली.

"बाबा, मले नाई राह्याचं इथं. कॉलेज असते तवा ठीक हाय. शनिवार-रविवार सारे फिराले जातात, अन् मी खोलीत एकटी बसून राह्यते. दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाई माह्या."

कोकिळाबाई मागून म्हणाल्या, "तिले म्हणा, उद्याच निंघ." त्यांचंही काय चुकलं? एकुलती एक लेक.

लक्ष्मणरावांना परदेशातलं काही कळत नव्हतं. कळत होती ती फक्त बस.

"तिथं यष्टी हाय का वो?"

"हाय. नऊ रूट आहेत."

"मंग आयक. दर शनिवारी एक धरजो. शेवटच्या थांब्यावर उतरजो, कोणाशी तरी बोलजो, अन् वापस येजो. शेवटच्या थांब्यावर गाडी धा मिनिटं उभी राह्यते. त्या धा मिनिटांत मुका माणूसबी बोलते. नवही रूट झाले, की तू घरी ये. काऊन आली, म्हणून मी एका शब्दानं इचारणार नाई. कबूल?"

"कबूल," नाक ओढत काजल म्हणाली.

मग काजलनं पाठवलेलं वेळापत्रक पोस्टानं आलं. लक्ष्मणराव चष्मा लावून त्यावर बोट फिरवत बसले. नऊ वाजून सात मिनिटांनी सुटणारी गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण गंमत वाटली. दर रविवारी ते काजलची पुढच्या शनिवारची बस ठरवून देऊ लागले. कितीची पकड, कुठं उतर, परतीची कोणती.

पहिल्या बसच्या शेवटी नुसतं एक इस्पितळ निघालं. काजल कोणाशीच न बोलता परत आली. दुसरीत कुत्रेवाली म्हातारी भेटली, ती हवापाण्याचं बोलली. चौथीच्या ड्रायव्हरनं आपल्या थर्मासमधला चहा दिला. तिनं त्याला सांगितलं, माझे बाबा कंडक्टर होते. "पण इथं कंडक्टर नसतेच बाबा, ड्रायव्हरच तिकीट देते."

"मंग घंटी कोण मारते?" लक्ष्मणरावांना हे काही पटलं नाही.

सहावीच्या टोकाला समुद्र होता. सातवीच्या टोकाला बंद पडलेली लोकरीची गिरणी. तिथल्या म्हाताऱ्या कामगारानं तिला माग दाखवला आणि तिनं त्याला आपल्याकडचा कापूस समजावून सांगितला. त्या दिवशी फोन पाऊण तास चालला.

दर रविवारी फोन ठेवला की लक्ष्मणराव त्या बसवर लाल रेघ मारायचे. पोरगी एका बसनं घराजवळ आली, याचा आनंद व्हायचा. आणि आपण नवाऐवजी वीस का नाही म्हणालो, म्हणून स्वतःचाच रागही यायचा. शिकायला गेलेली लेक अर्ध्यावर परत येणार होती. पण शब्द दिलेला होता.

नववी बस मात्र निघेना. पहिल्या शनिवारी काजल म्हणाली, सर्दी झाली. दुसऱ्या शनिवारी म्हणाली, परीक्षा आहे. आज तिसरा रविवार, आणि फोनच नाही.

"काजलचे बाबा, पोरीचं काही बरंवाईट तर नसन?" कोकिळाबाई रजई घेऊन दारात उभ्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. लक्ष्मणरावांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

"काऊन उशीर झाला?"

"झोपून राह्यली बाबा, पाय दुखून राह्यले. काल आम्ही कॉलेजातल्या पोरी डोंगरावर गेलतो. पायीच. मी आईसारखे पराठे केलते सर्वांसाठी. एकसुद्धा उरला नाई."

लक्ष्मणरावांनी लाल पेन्सिल उचलली. "अन् नऊ नंबर?"

"नाई गेली."

"बंद होती का?"

"चालू हाय ना. माह्या खोलीच्या खिडकीसमोरूनच जाते. रोज दिसते."

"मंग बसत काऊन नाई बाप्पा?"

पलीकडे काजल हसली.

"बसली तर घरी यावं लागन ना, बाबा."