गवत कापायच्या मशीनचं विमान

"गुरुवारी सांजच्याला लई घरघर लावली हुती रे तुझ्या मशीननं! शेरडांनी चाऱ्याला तोंड न्हाई लावलं," शेजारच्या चांगुणाआत्या बांधावरून ओरडल्या.

"उद्यापातूर सोसा आत्या," अंगद हसला. आत्या पुटपुटत शेरडं घेऊन कालव्याकडे गेल्या.

उद्या, रविवारी, नगरला हौशी विमानवाल्यांचा मेळावा होता आणि त्यासाठी हा गडी सहा महिने झपाटला होता. गवत कापायच्या जुन्या मशीनचं पेट्रोल इंजिन त्यानं सोलून हलकं केलं, लाकडी पंखा चढवला आणि स्वतः बनवलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या पांढऱ्या विमानात बसवलं. उडायचं झकास. दुखणं एकच. रेस कमी केली की इंजिन करवत ओढल्यासारखं घर्र-घर्र करायचं, मध्येच दम खायचं, पुन्हा सुरू.

त्या आवाजानं महिन्यापूर्वी गावाची झोप उडवली होती. बिबट्या आला म्हणून पोरं शाळेला जाईनात, कालव्याकाठी पिंजरा लागला. मग अंगदनं चावडीसमोर इंजिन चालवून दाखवलं. अख्खं गाव पोट धरून हसलं. अंगदनंच माफी मागून पिंजरा परत पाठवायला लावला.

दुखण्यावर उपाय म्हणून या बुधवारी इंजिन पिशवीत घालून तो केडगावला मेव्हण्याकडे गेला आणि शुक्रवारी नवा कार्बोरेटर बसवून परतला.

आता ऊन उतरल्यावर त्यानं विमान सोडलं. उसावरून ते छान वळलं, मग एकदम खाली गेलं आणि दिसेनासं झालं.

जरा वेळ काहीच नाही. मग उसातून घर्र-घर्र.

"चालूच हाय!" अंगद ओरडला. टाकीत पेट्रोल, खाली वाळलेलं पाचट. पेट घेतला तर मेळावा राहिला बाजूला, दोन एकर ऊस जाईल. त्यानं रिमोटवरचं बंद करायचं बटण तीनदा दाबलं. आवाज थांबेना. उसात सिग्नल पोचत नसणार.

त्याची बायको सविता पदर खोचून सरीत शिरलीसुद्धा. "तुमी पाण्याच्या टाकीवर चढा. वरनं कान लावून सांगा, मी फोनवर हाय."

पाण्याच्या टाकीवरून त्याला तिच्या चालण्यानं हलणारे शेंडे दिसत होते. "डावीकडं घे. आता सरळ." आवाज मध्येच दम खायचा, तोवर अंगद थांबायचा. पुन्हा आला की दिशा सांगायचा. सहा महिने या बाईनं त्याचं खूळ सोसलं होतं, वर आज स्वतः धावली.

"लई जवळ आलंय," सविता म्हणाली. "पर पेट्रोलचा वास न्हाई येत हो."

"वारं उलटं हाय. जा तू पुढं. धा पावलं आसंल."

खालून कुणीतरी हाक मारली. चांगुणाआत्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात पांढरं विमान होतं. पंखा मोडलेला, इंजिनातून पाणी गळत होतं.

"तुझं इमान रं. पार पल्याड कालव्यात पडलं हुतं, म्यां काढून आनलं."

तेवढ्यात फोनमध्ये सविता हसली. "थांबलं बघा. बंद केलं का तुमी?"