फणसाच्या जागी अननस

दुसऱ्या वाटीत अननस निघाला आणि दादांनी तो निमूटपणे गिळला. जिभेला टोचलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. पण आता बोंब मारायला उशीर झाला होता.

चाखण्याच्या खोलीत पाच वाट्यांचा क्रम ठरलेला होता. आधी पपई, कारण ती बिचारी स्वभावानेच गरीब. मग फणस, आंबा, पेरू. अननस भांडखोर, जीभ सोलून काढतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी. एकवीस वर्षांत एकदाच कोणीतरी हा क्रम चुकवला होता, तेव्हा दादांनी अख्खा कारखाना डोक्यावर घेतला होता. फळांचा गर डबाबंद करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांच्या जिभेला मालकही वचकून असत.

ती जीभ आठ महिन्यांपूर्वी गेली. कारखान्यात तापाची साथ आली. ताप उतरला, पण चव आणि वास काही परतले नाहीत. दादांनी घरीसुद्धा ब्र काढला नाही. पेरू रवाळ, पपई बुळबुळीत, अननस टोचरा, एवढ्यावर ते दिवस ढकलत होते. गर आंबलेला असला तर? नुसत्या विचाराने त्यांना घाम फुटायचा, कारण डबे शाळांमध्ये जात, लहान मुलांच्या पोटात. मग ते मनाची समजूत घालत. वाट्या भरणाऱ्या ताई प्रत्येक गर आधी स्वतः चाखत. बिघडलेला गर त्यांच्या हातून पुढे आलाच नसता.

आणि आज त्याच ताईंनी सापळा लावला होता. टेबलापलीकडून त्या दादांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

दादांनी चमचा खाली ठेवला. एकदाचं सांगून टाकावं असं त्यांना वाटलं, आणि वाटताच थोडं हलकंही वाटलं.

"पकडलंत ना, ताई? नाही लागत मला चव. आठ महिने झाले. पण फणसाच्या जागी अननस ठेवून अशी परीक्षा कशाला घ्यायची? सरळ विचारायचंत की."

"परीक्षा?" ताईंनी शेवटची वाटी उचलून नाकाशी नेली, पुन्हा नेली, आणि खाली ठेवली. "म्हणजे... आत्ता दिला तो अननस होता?"

दादांनी दोन्ही वाट्या जवळ ओढल्या. दोन्ही गर पिवळे, गाळून सारखेच गुळगुळीत केलेले, हे खरं. पण फणस कधी लपतो का? त्याचा वास दाराबाहेरसुद्धा येतो. ज्याचं नाक शाबूत आहे त्याच्या हातून ही चूक होणंच शक्य नव्हतं.

खाली शाळांचे डबे भरलेली गाडी सुरू झाली.

"त्याच तापात माझंही गेलं, दादा," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही चाखताय ना."