नदीचं भजन

अटलांटातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये व्हर्नेलबाईंनी ड्रमवर बंदी घातली आणि तरुणांना पूर्वजांची भजनं शिकवायला घेतली.

"गुलामांची रडगाणी आम्हाला नकोत, मिस व्हर्नेल," झरिया तोंडावर म्हणाली.

बाई कडाडल्या, "रडगाणी? कापसाच्या शेतात मुकादम येताना दिसला की कुणीतरी हेच नदीचं भजन सुरू करायचं, म्हणजे बाकीचे सावध व्हायचे. डोक्यात शिरतंय का काही?"



पुढच्या रविवारी तळघरातून ड्रमचा दणदणाट ऐकू आला. बाई संतापून जिना उतरल्या. दाराशी उभ्या झरियानं त्यांना पाहिलं आणि खणखणीत आवाजात नदीचं भजन सुरू केलं. आत ड्रम तत्क्षणी थांबले.



भजन पोरांना नीट कळलं होतं. मुकादम तेवढा बदलला होता.