पंचवीस मिनिटं

काटा लाल पट्टीत गेला तशी उमाकांतरावांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बघा. तुमच्या गॅरेजपासून जेमतेम सहा किलोमीटर."

शेजारी बसलेले कृष्णाजी मेकॅनिक उतरून मागे गेले. पन्नास वर्षांपूर्वीची परदेशी व्हॅन. आत झोपायला बाक, चिमुकला ओटा, आणि इंजिन मागे. पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याच्या वाऱ्यावर गार राहणारं इंजिन. असल्या गाडीला हात लावणारे बंगळुरात चार जण उरले असतील, आणि त्यातले तिघे फोन उचलत नाहीत.

कृष्णाजी बराच वेळ मागेच होते. आले ते तळहात पँटला पुसत.

"हा तापमानाचा मीटर गाडीबरोबरचा नव्हे ना, सर?"

"मी बसवला. छत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मोजमापंच केली. मीटरशिवाय चालवायची म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चालवायची."

"त्या दिवशी इंजिनला हात लावून बघितलात?"

"मीटर असताना हात कशाला लावायचा?"

"सरी, बरं," कृष्णाजी म्हणाले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुराजवळच्या आनेकलचं. मराठीत कानडी डोकावायचीच.

'तो दिवस' उमाकांतरावांनी फोनवरच सांगून टाकला होता, चाचणीचा अहवाल वाचावा तसा. मागचा नोव्हेंबर. सहलीहून परतताना त्यांच्या पत्नीच्या, शुभदाताईंच्या, छातीत दुखायला लागलं. बेळ्ळंदूरच्या अलीकडे काटा लाल पट्टीत. हॉस्पिटल दोन किलोमीटरवर. इंजिन जाम होऊन मधेच अडकू नये म्हणून ते थांबले. रिक्षा थांबेना, अँब्युलन्स गर्दीत अडकलेली. पंचवीस मिनिटांनी काटा उतरला तेव्हा निघाले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

त्यानंतर अकरा महिने व्हॅन कव्हराखाली होती. अकरा महिने उमाकांतरावांना रडू आलं नव्हतं, राग आला नव्हता, भूकसुद्धा घड्याळ बघून लागायची. डोक्यात एकच प्रश्न होता. तो विचारायलाच ते आले होते: थांबलो नसतो, तर पोचलो असतो का?

काटा उतरल्यावर ते हळूहळू गॅरेजात परतले. भिंतीवरच्या खिळ्याला निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कृष्णाजींचा जेवणाचा डबा लटकत होता.

"आता सगळं खोलून बघतो. तुम्ही समोर स्वल्प कॉफी घेऊन या, सर."

उमाकांतरावांनी कॉफी घेतली. साखर घातली होती की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं. तासाभराने परतले तेव्हा कृष्णाजींच्या हातात ग्रीसने काळवंडलेला, चुरगळलेला निळा प्लास्टिकचा गोळा होता.

"हे पंख्याच्या तोंडाशी अडकलं होतं. रस्त्यावरून उडून आत ओढलं गेलं असणार. वाराच जात नव्हता बघा."

"म्हणजे त्या दिवशी इंजिन खरंच तापलं होतं?"

"भट्टी झाली असणार."

"आणि तसंच पुढे नेलं असतं तर?"

"अर्धा किलोमीटर. फार तर. मग जाम. ट्रॅफिकच्या मधोमध."

"म्हणजे थांबलो, ते बरोबर केलं."

"बरोबर केलंत, अण्णा."

उमाकांतराव तिथल्या स्टुलावर बसले. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "ती सारखी म्हणत होती, चला ना, चला ना," ते म्हणाले. मग चष्मा काढला आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा रडले. कृष्णाजी पाठमोरे होऊन पाने पुसत राहिले.

बऱ्याच वेळाने उमाकांतराव उठले. "मीटर बरोबर आहे ना पण?"

"एकदम बरोबर. पण तो इथेच राहू दे. सारखं त्याच्याकडे बघत गाडी चालवू नका."

व्हॅन निघून गेली. कृष्णाजींनी हात धुतले आणि बाकावर नुसता ठेवलेला डबा उघडला. भिंतीवरचा खिळा आता रिकामा होता. पण जेवायच्या आधी त्यांनी काढून ठेवलेला मीटर एका बॅटरीला जोडला आणि त्याच्या वायरीचं तापमान मोजणारं टोक माठातल्या गार पाण्याच्या तांब्यात सोडलं.

काटा सावकाश चढत लाल पट्टीत गेला.