मुगाचं कढण

मुगाच्या कढणाची तिसरी वाटीही बायकोने ओठांना लावून परत सारली. ताप उतरला होता; पण अकरा दिवसांत तिने जमिनीला पाय टेकला नव्हता की धड काही खाल्लं नव्हतं.

विसूभाऊंनी चडफडत पुन्हा मूग शिजवले, घोटले, गाळले. फोडणीच्या पळीत तूप घेऊन जिरं टाकलं.

“अहो, तूप तापू तरी द्या! जिरं तडतडलेलं ऐकूच आलं नाही.” आतून सुतासारखा बारीक आवाज आला.

“मग तूच ये नि कर!” झाकण आपटून ते ओरडले, आणि लगेच मनात चरकले.

भिंत धरत, लटपटत ती खरंच दारात आली. “व्हा बाजूला. तीस वर्षं खाताय, अजून फोडणी कळेना!”

पळी तिच्या हाती देऊन, तोल जाऊ नये म्हणून ते तिच्या पाठीशी उभे राहिले आणि मुकाट्याने बोलणी खात राहिले.