दोन खोल्यांमधली खिडकी

आमचं घर जुनं, म्हणजे मालकी गावाच्या जतन समितीची आणि डागडुजी आमची. मागे खोली वाढवायला परवानगी मिळाली. अट एकच, मागची खिडकी जागची हलवायची नाही. त्यामुळे ती आता दोन खोल्यांच्या मध्ये उभी आहे.

गेल्या वर्षी आजारपणात गेलेली आमची मुलगी अंगणातून याच काचेला नाक लावून आम्हाला हसवायची. अंगणाची खोली झाली, तरी काचेवर नव्या खोलीच्या बाजूने तेवढ्याच उंचीवर श्वासाची वाफ धरते. पुसली की पुन्हा.

मला सोसेना. समितीचे पाय धरून खिडकी बुजवायचा होकार मिळवला.

गवंडी पहिली वीट ठेवताना म्हणाला, "साहेब, वाफ आज आतल्या, जुन्या खोलीच्या बाजूने आहे."

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, बुजवा खुशाल. पण आधी ती कुठल्या खोलीत आहे, ते तरी बघा."