वय अकरा, जन्म गॅलिशिया

२०१७मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनच्या वाचनालयात निवृत्त डॉक्टर प्रमोदिनी शेजारच्या ऐंशीतल्या इरीनाची मावशी शोधत होती. इरीनाची आई मार्ता आणि मावशी ओलेना लहानपणीच अनाथ होऊन दुरावल्या होत्या. १९११च्या जनगणनेत ओलेना तीन वर्षांची, जन्म ऑस्ट्रियातला. १९२१मध्ये नव्हतीच. “१९१८च्या फ्लूच्या साथीत गेली असेल,” इरीना म्हणाली. तेवढ्यात १९२१च्याच यादीत एका शेतकऱ्यानं सांभाळलेल्या मुलीची नोंद दिसली: हेलन, वय अकरा, जन्म गॅलिशिया. “नाव वेगळं, वय वेगळं!” इरीना हिरमुसली. प्रमोदिनी हसली. “अगं, दवाखान्यात मला तीस वर्षं पॅमच म्हणायचे. ओलेनाची हेलन केली, वय अंदाजानं सांगितलं असेल. आणि ती जन्मली तेव्हा गॅलिशिया ऑस्ट्रियातच होतं.” महिनाभराच्या खटपटीनंतर इरीनानं हेलनच्या सडबरीतल्या नातीला फोन लावला. “आजी शेवटपर्यंत थोरल्या बहिणीची, मार्ताची आठवण काढायची,” नात म्हणाली. इरीनानं डोळे पुसले. “प्रमोदिनी, गाडीला बर्फातले विंटर टायर लावलेस ना? सडबरीला जायचंय!”